दोन सीटांची तांबडी

सांगलीहून फोन आला की पहिला आवाज दाजींचा असायचा. "काय लगेज, पोचलं का जागेवर?" असं विचारून, दोन-चार खोड्या काढून झाल्या की मग ते फोन अक्काच्या हातात द्यायचे. अक्काला नंबर लावायचा कंटाळा. लावायचे दाजी आणि बोलायची ती, घरात फोन आला तेव्हापासूनची ही वाटणी. त्यामुळे गेल्या महिन्यात सकाळी फोन वाजला आणि पहिलाच आवाज अक्काचा आला, तेव्हा ती काही सांगायच्या आत मी खुर्चीत बसले. "गेले गं," ती म्हणाली. "चहा मागितला हुता. मी घेऊन येईस्तवर…" साताऱ्याहून सांगलीला जाताना एकच विचार डोक्यात घोळत होता, की आता मला लगेज म्हणणारं कुणी राहिलं नाही. सत्तरीला टेकलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला कुणी लगेज म्हणावं, ही केवढी चैन होती! ती आता संपली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सर्जेराव. इस्लामपूरजवळच्या गावात घरचा ऊस होता, तो थोरले भाऊ बघायचे. दाजींना उसापेक्षा उसाला पाणी देणाऱ्या मोटारीत जास्त रस. म्हणून त्यांनी सांगलीत पाण्याच्या मोटारी आणि ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप टाकलं होतं. अक्काला बघायला ते साताऱ्याला आले, तो कार्यक्रम मला काल झाल्यासारखा आठवतो. आमच्या बैठकीच्या खोलीतला टेबलफॅन कुरकुरायचा. मोठी माणसं मानपानाचं बोलत होती आणि नवरदेव टक लावून पंख्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. उठले, कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली घेतली, पंखा उलटा केला आणि भर कार्यक्रमात त्याला तेल पाजलं. पोहे गार झाले, पण पंखा गप झाला. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "पोरगं जरा इचित्रच हाय." अक्का मात्र त्या दिवशी उगाचच दोनदा पंखा लावून बसली. मी समजायचं ते समजले.

सुपारी फुटली. आणि त्यानंतर आमचे आबा, न कळवता, जावयाचं वर्कशॉप बघायला सांगलीला गेले. आबा म्हणजे माझे वडील, फौजेच्या ट्रान्सपोर्टमधून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. डोंगरातल्या रस्त्यांवर लष्कराच्या ट्रकांचे तांडे नेण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणसाची पारख करायची तर त्याचं वाहन बघावं, असं त्यांचं मत. ते परत आले, टोपी खुंटीला अडकवली आणि आईला म्हणाले, "पोरगा येडा हाय. गाडी घेतलीया त्यानं. दोन शिटांची! आगं, संसार करायचाय का सर्कस? उद्या पोरंबाळं झाली तर काय टपावर बांधनार? आन तिला टपबी न्हाई!" हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या दुःखानं उच्चारलं की मला हसू आवरेना, म्हणून मी परसात पळाले. तिथे अक्का धुणं वाळत घालत होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा बघून माझं हसू गेलं. "दुसरीकडं बघाय लागले तर मी न्हाई जायची," ती म्हणाली. "मला त्येच घर पायजे." आमच्या अक्कानं तोवर साडीचा रंगसुद्धा स्वतः निवडला नव्हता.

ती गाडी होती तरी काय? इंग्रजी बनावटीची, ठेंगणी, लांब नाकाची, तांबडीलाल. चाकांना सायकलसारख्या तारा आणि एका इंजिनाला दोन कार्बुरेटर. पाचगणीला राहणाऱ्या एका वयस्क पारशी गृहस्थांनी ती तरुणपणी शर्यतीत पळवलेली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांना तिच्यात बसता येईना. बसलंच तर उठता येईना. दाजी त्यांच्या बागेतली पाण्याची मोटार दुरुस्त करायला गेले आणि परतले ते या गाडीच्या प्रेमात पडून. "चालवनार असशील तर देतो, शोकेसमधे ठेवनार असशील तर नाय," एवढी एकच अट म्हाताऱ्यानं घातली. इंजिन जाम झालेलं असल्यामुळे गाडी सांगलीला आली ती उसाच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, वरून पाचट टाकून. थोरल्या भावांना कळू नये म्हणून ही युक्ती! पण पाचटातून बाहेर आलेलं लांब नाक कसं लपणार? गाडी पोचायच्या आधी बातमी पोचली.

आबांचा निरोप गेला, गाडी विका नाहीतर सुपारी परत. त्याचं उत्तर द्यायला दाजी स्वतः एस्टीनं आले. आबांसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. दाराआड अक्का, तिच्यामागे मी. "आबा, तुमी म्हणशीला तर आज इकतो," दाजी म्हणाले. "पर एकदा बसून बघा. यवतेश्वरचा घाट चढवून दावतो. वाटंत कुठं थांबली, तर तितनंच गिऱ्हाईक बघाय लागतो." आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन न्हाई थांबली तर?" "तर लगीन हुईस्तवर तुमी गाडीबद्दल शबूद काढायचा न्हाई." आबा जन्माचे ड्रायव्हर. समोरून कुणी घाटाचं आव्हान दिल्यावर ते नाही म्हणतील? म्हणालेच नाहीत. अक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. तिचं सगळं आयुष्य आता एका गाडीच्या इंजिनावर बसलं होतं, आणि ते इंजिन त्या वेळी वर्कशॉपमध्ये पोत्यावर सुटं पडलेलं होतं.

मग जे काही झालं ते मी दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता मीच तिथे हजर होते असं वाटतं. परदेशी गाडीचा सुटा भाग मिळणं म्हणजे त्या काळी दुरापास्त. दाजींनी पिस्टनच्या रिंगा कुपवाडच्या एका कारखान्यात घडवून घेतल्या. पाण्याच्या पंपाचं सील विहिरीच्या मोटारीचं बसवलं. चाकांच्या तारा सायकलवाल्यानं ताणून दिल्या. नुसती दुरुस्ती करून हा माणूस थांबला असता तर बरं झालं असतं. पण घाट चढायचा म्हणून त्यांनी इंजिनाचं हेड लेथवर घासून घेतलं. त्यानं ताकद वाढली आणि ताकदीबरोबर उष्णताही. बैलाला जास्त ओढायला लावलं तर त्याला पाणीही जास्त पाजावं लागतं, हे पुढे आबांनी त्यांना सुनावलं. पण ते पुढे.

डॅशबोर्डच्या लाकडाला भेग गेली होती. ते करायला दाजी गाडी घेऊन मिरजेला एका तंबोरे करणाऱ्या चाचांकडे गेले. चाचांनी तंबोऱ्याच्या लाकडाची फळी कातून, पॉलिश करून असा डॅशबोर्ड बसवला की त्यावर तारा चढवायच्याच बाकी होत्या. इंजिन चालू होतं. फळी बसवता बसवता चाचा म्हणाले, "साहेब, ह्ये दोन तंबोरे हायत. मिळालं न्हाईत." दोन कार्बुरेटर सारखी हवा ओढत नव्हते, ते त्यांच्या कानाला खुपत होतं. मग रबराची एक नळी आली. तिचं एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीनं दोन्ही कार्बुरेटरांच्या तोंडाशी. दाजी स्क्रू फिरवताहेत, चाचा डोळे मिटून मान हलवताहेत, आणि दुकानात तंबोरा घ्यायला आलेले एक गवई ताटकळताहेत. दोन्हींचा सुसकारा एकमेकांत विरघळला तेव्हा गवयांनीच "वा!" म्हणून दाद दिली म्हणे. गवयांचं ते वा दाजींनी नंतर घातलं असावं अशी मला शंका आहे, पण नळी खरी. ती आजही आहे.

घाटाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी बघतात तर रेडिएटरला बारीक गळती. आता सांगलीत गळक्या रेडिएटरवर उपाय काय, हे शेंबडं पोरही सांगेल… हळद! ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले सगळे चिमूटभर हळद पाण्यात टाकतात. ती फुगून भोक बुजवते. दाजींचा मित्र जिनपाल, पेठेत त्याच्या वडिलांची हळदीची अडत. त्याने उत्तम हळद आणून, दाजी जेवायला गेले असताना, मूठभर रेडिएटरमध्ये टाकली. दाजी जेवून आले, त्यांनी डबा बघितला आणि आपली मूठभर टाकली. मित्रानं नुसता डबा ठेवलाय असं त्यांना वाटलं. आणि सकाळी निघताना दाजींच्या आईनं गाडीला हळदकुंकू वाहिलं. झाकण उघडं दिसलं, पोरगं शुभकामाला चाललंय, आत नको का जायला थोडी? त्या माउलीनं आपल्या हातानं आणखी मूठभर घातली. ट्रॅक्टरनं ती पचवली असती. या इंग्रजी बाईच्या नळ्या सुईएवढ्या.

सपाट रस्त्यानं गाडी सुखरूप साताऱ्यात आमच्या दाराशी आली तेव्हा आळीतलं एकही माणूस घरात नव्हतं. आबांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता, फेटा बांधला होता आणि डोळ्यांवर फौजेतला जुना गॉगल चढवला होता, कातडी कडांचा. अक्कानं मला मागच्या दारानं पुढे ढकललं. "तू जा संगं. आबा खोटं सांगत न्हाईत, पर अर्धंच सांगत्यात." पण बसू कुठे? सीटा दोनच. मागे पेट्या ठेवायला हातभर जागा होती, त्यात दुमडलेलं कापडी छत. दाजींनी त्यावर टॉवेल अंथरला. "ही जागा लगेजची. बसा." मी कॉलेजात शिकणारी, अंगानं बऱ्यापैकी, वेणी घातलेली मुलगी त्या फटीत आडवी बसले. आबांकडे वळून दाजी म्हणाले, "बघा आबा, तिसरं मानूस मावलं." मी खरंच मावले होते, आबा ते नाकारणार कसं?

घाट सुरू झाला आणि आबांचा एक पाय त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबू लागला. दुसऱ्या वळणावर तो थांबला. तिसऱ्या वळणावर आबा ओरडले, "आता गेर खाली घे… घे की! हां, शाब्बास!" काच पुढे पाडलेली, वारा तोंडावर, खाली सातारा बारीक होत चाललेला, आणि माझे सुभेदार आबा मांडीवर ताल धरून बसलेले. मला वाटलं, झालं, अक्काचं लग्न लागलं. आणि तेवढ्यात लांब नाकाच्या दोन्ही बाजूंनी पिवळी वाफ निघाली. मग खाडकन आवाज झाला आणि पिवळ्या पाण्याचा फवारा वाऱ्यावर मागे आला. गाडी गचके देत कडेला थांबली.

दाजींनी आधी गाडीकडे नाही, आमच्याकडे बघितलं. "भाजलं का? आबा, भाजलं का? लगेज, डोळं बघू." वाऱ्यानं पाणी गार झालं होतं, कुणाला काही झालं नव्हतं. आबांनी सावकाश गॉगल काढला. फेटा पिवळा, शर्ट पिवळा, मिशा पिवळ्या, आणि डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल. मी हातानं तोंड दाबून धरलं. दाजी रस्त्यात उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, थांबली. हरलो मी. उद्यापासनं गिऱ्हाईक बघतो." ना गळतीचं सांगितलं, ना दैवाला दोष दिला. आबांनी मिशीवरचा थेंब जिभेला लावला. "हळद?" "व्हय. मीच घातली. मूठभर." इतक्यात पाण्याचा डबा घेऊन मागून मोटारसायकलवर येत असलेला जिनपाल पोचला. समोरचं दृश्य बघून त्यानं कपाळावर हात मारला. "आरं सर्ज्या, तूबी घातलीस? मी घातली हुती की रं!" म्हणजे त्या दोघांचा हिशेब दोन मुठींचा झाला, आणि तरीही पाणी इतकं पिवळं कसं, याचं कोडं सांगलीला जाऊन दाजींच्या आईंना विचारल्यावर सुटलं.

त्यानंतर आबांनी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यांनी बाह्या सारल्या. घाटात वाहन बंद पडलेलं बघणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "जिनपाल, झऱ्याचं पानी आन. सर्जेराव, खालचा नळ सोडा. उलट्या बाजूनं पानी मारायचं." सासरे, जावई आणि हळदीचा व्यापारी असे तिघे त्या नाकात डोकी घालून बसले. रस्त्यावरून हळदीचा ओहोळ वाहू लागला. वरून सरपणाची मोळी घेऊन एक बाई येत होती. ती थांबली. रस्ता बघितला, आबांना आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "आवं, कुनाचं लगीन हाय म्हनायचं?"

आबा नळ्या धुता धुता मान वर न करता म्हणाले, "माज्या थोरल्या लेकीचं."

दाजींच्या हातातला पाना खाली पडला. मी त्या फटीतल्या टॉवेलवर बसून रडायलाच लागले, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दाजी कसेबसे म्हणाले, "आन गाडी? मी शबूद दिलाय." "मग पाळा की," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक बघनार हुतासा न्हवं? ह्ये काय, हुबा हाय म्होरं. आजपासनं गाडी माजी. तुमच्याकडं सांबाळाय ठिवली." मग मिशी पुसत, बाजूला बघत ते बोलले, "गाडी पळत असताना मानूस कळत न्हाई. थांबल्यावर कळतोय." उतारावर गाडी त्यांनी स्वतः चालवली. जावई मोटारसायकलवर जिनपालच्या मागे बसून आला. लग्नात आबांना हळद लावायला बायका पुढे झाल्या, तर म्हणाले, "मला आदीच लागलीया." आणि वरातीनंतर अक्काची पाठराखीण म्हणून मी सांगलीला गेले ती अर्थात त्याच फटीतून, माझ्या डोक्यावर अक्काची रुखवताची परडी. तेव्हापासून मी कायमची लगेज झाले.

पुढे कुणीही गाडी विकत मागितली की दाजी गंभीरपणे सांगत, "माझी नाही हो, सासऱ्यांची आहे. मी नुसता ड्रायव्हर." आबा गेल्यावरही हेच सांगायचे. संग्राम, माझा भाचा, माझ्याच फटीत बसून मोठा झाला. आबांचा गॉगल शेडमध्ये खिळ्याला लटकलेला असतो, त्याच्या कातडी कडा अजून पिवळ्या आहेत. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो घालावा लागे. लोक म्हणायचे, सर्जेरावांनी त्या गाडीपायी जन्म घालवला. मला या बोलण्याचा राग येतो. जन्म सगळ्यांचाच जातो, कशापायी गेला हे सांगता येण्याजोगी माणसं किती?

आणि त्यांनी तो एकट्यानं घालवला असंही नाही. लग्नाच्या पहिल्याच रविवारी दाजी शेडमध्ये ती रबरी नळी कानाला लावून झटत होते आणि अक्का स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तासभर घरघर ऐकून ती वैतागली आणि आतूनच ओरडली, "आवं, त्यो उजव्या हाताचा जरा बारीक बोलतोय न्हवं?" दाजींनी उजव्याचा स्क्रू फिरवला… आणि दोन्ही सूर मिळाले. भजनात गाणारी माझी बहीण, तिचा कान मिरजेच्या चाचांच्या तोडीचा निघाला. त्या दिवसापासून दर रविवारी दाजी शेडमधून हाक मारायचे, "शालन, कसा लागलाय?" आणि अक्का तव्यावरून नजर न काढता सांगायची, डावा उतरलाय, उजवा चढलाय, आता राहू द्या. नळी त्यांच्या कानाला असायची ती आपली सवय म्हणून. पुढे दाजींना इंजिनावर वाकता येईना तेव्हा संग्राम स्क्रू फिरवायचा. पण हाक त्यांचीच असायची.

गेल्या रविवारी मी सांगलीतच होते. पुण्याच्या कुणा हौशी माणसाचा फोन आला होता, जुनी गाडी द्यायची आहे का? अक्कानं सांगितलं, "आमच्या आबांची हाय. इचारून सांगते." आम्ही दोघी त्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो, महिन्याभरात पहिल्यांदा. मग ती भाकऱ्या करायला उठली. दाजी गेल्यापासून गाडी चालू झाली नव्हती. बॅटरी बसेल म्हणून संग्राम शेडमध्ये गेला, मी त्याच्या मागे. इंजिन खोकलं, अडखळलं आणि लागलं. त्याने नळी कानाला लावली, एक स्क्रू थोडा फिरवला. मग तो तसाच वाकून राहिला, कारण पुढे काय करायचं असतं ते त्याला माहीत होतं आणि ते त्याच्या तोंडून निघेना. मी खिडकीतून स्वयंपाकघरात बघितलं. अक्कानं भाकरी थापायचं थांबवलं होतं. पिठाचे हात परातीत तसेच, मान जराशी शेडकडे. तवा तापून धूर निघायला लागला तरी ती हलेना. ती वाट बघत होती.

मग मीच हाक मारली. "अक्का, कसा लागलाय?"

तिने तापलेला तवा खाली उतरवला.

"लागलाय नीट," ती आतून म्हणाली. "पर बंद करू नगा एवढ्यात."